‘निर्धास्त कापा’: सिलतऱ्याच्या एका गोळ्याबद्दल मी दिलेलं उत्तर

रायपूरला जायचं ठरलं ते एका कॉमेंटमुळे. मागच्या महिन्यात मी कोकणातल्या खाणावळींवर लिहिलं होतं. त्याखाली माशांचं कौतुक करणाऱ्या पंधरा-वीस कॉमेंट्स आल्या आणि त्यांच्या मधोमध ही एक: “सर, तुमची तब्येत बरी आहे ना? आठ महिने झाले, उत्तर नाही आलं म्हणून विचारून राहिलो. मेश्राम, रायपूर.” खाली फोन नंबर.

माझी तब्येत ठणठणीत होती. उत्तर दिलं नव्हतं, कारण त्यांचा प्रश्न मीच पुसून टाकला होता.

नव्या वाचकांसाठी सांगतो. नाशिकमध्ये विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर मी दिवसभर बसतो आणि साठवलेल्या रजेत जुन्या लढायांच्या जागा बघत हिंडतो. तोफगोळे हे माझं खास वेड. बेल्जियमच्या शेतांवरची माझी पोस्ट या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचली गेली. तिथे पहिल्या महायुद्धातले गोळे अजून नांगराला लागतात. शेतकरी ते उचलून विजेच्या खांबाशी ठेवतात आणि लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. त्यातल्या काहींमध्ये विषारी वायूचं द्रव्य असतं, शंभर वर्षं होऊन गेली तरी जिवंत. हे सगळं मी फार मजेत लिहिलं होतं. वर एक तक्ताही दिला होता: हिरवी खूण म्हणजे श्वास कोंडणारं, पिवळी म्हणजे अंगावर फोड आणणारं, निळी म्हणजे शिंका-ओकाऱ्या काढणारं. लोकांनी तो तक्ता इतका पुढे पाठवला की मला स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायची सवय लागली.

त्याच पोस्टखाली मेश्रामांनी एका गंजक्या गोळ्याचा फोटो टाकून विचारलं होतं. ते रायपूरजवळच्या सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात भंगाराची छटाई, म्हणजे निवडानिवड, करतात. परदेशातून कंटेनर येतात, त्यात कधी युद्धातलंही काही निघतं. त्यांनी लिहिलं होतं, “हलवलं तर आत तेलावाणी डुचमळते. काय असन?” मी फोटो मोठा करून पाहिला. रंगाचा पट्टा नाही. नाकाशी बार उडवणारा फ्यूज नाही, नुसते आटे दिसतात. म्हणजे साधा गोळा, तोही रिकामा. मी लिहिलं, “पावसाचं पाणी शिरलं असेल. निर्धास्त कापा.” खाली एक हसरा चेहरा टाकला.

बारा दिवसांनी सकाळी त्यांची दुसरी कॉमेंट आली. गोळा कापला, आत काळपट तेल होतं, लसणासारखा वास आला, कापणाऱ्याचे डोळे उघडत नाहीत, हातावर फोड आलेत, डॉक्टर विचारतायत काय होतं, लवकर सांगा. ‘लसूण’ हा शब्द वाचला आणि मला कळलं. मस्टर्ड, माझ्याच तक्त्यातलं पिवळ्या खुणेचं. गंजाने पट्टा खाऊन टाकला होता आणि मी पट्ट्यावरून निदान केलं होतं. माणूस स्वतःच्या कानाने ऐकलेलं सांगत होता, ते मी पाण्यावर ढकललं होतं.

उत्तर द्यायला एक मिनिट लागलं असतं. मी मात्र त्या मिनिटात माझ्या टेबलाचा विचार केला. लेखी असलेल्या एका ओळीने माणूस कसा अडकतो हे मी रोज बघतो. मी दोन्ही कॉमेंट्स आणि माझं उत्तर पुसलं, आणि ऑफिसला गेलो.

आठ महिने मी ते कुणालाही सांगितलं नाही. आणि आता त्या माणसाला माझ्या तब्येतीची काळजी वाटत होती. मी फोन केला. येतो म्हणालो, तर ते खुश झाले, म्हणाले की या की, रायपूरही पाहून घ्या.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नाशिकरोडहून रात्रीची हावडा मेल सोयीची. थर्ड एसीला दीड-पावणेदोन हजार पडतात, नागपूरला जेवणाच्या वेळेआधी पोचते आणि रायपूर दुपार कलल्यावर येतं. दोन महिने आधी तिकीट काढा. मला वेटिंगमधून शेवटच्या दिवशी वरचा बर्थ मिळाला. गोंदियाच्या पुढे जंगल सुरू होतं, खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. मी ते फारसं बघितलं नाही. काय बोलायचं याची तालीम करत होतो आणि दर वेळी तालमीत माझी चूक थोडी लहान होत होती.

तात्यापाऱ्यात उतरलो. जुनी वस्ती, खाली दुकानं, वर घरं, आठशे रुपयांत स्वच्छ खोली. सकाळी कोपऱ्यावर पोहे-जलेबी खाल्ली. इथे पोह्यांवर शेव येते आणि शेजारी गरम जलेबी. नाशिककराला आधी विचित्र वाटतं, मग तो दुसरी प्लेट मागतो. पोहेवाल्या भैयाने मराठी ओळखलं आणि नागपूरचे का म्हणून विचारलं. नाशिक म्हटल्यावर त्याचा रस संपला. त्याला वांबोरी चिवडा तेवढा माहीत होता, आणि तो नाशिकचा नाही हे मी सांगितलं नाही.

तिथून पंडरीला गेलो. कापडाचा घाऊक बाजार आहे, सकाळी अकराच्या आत गेलात तर दुकानदार बोलायच्या मूडमध्ये असतात. मी मेश्रामांच्या घरी एक साडी आणि त्या कापणाऱ्या माणसासाठी दोन शर्टांचं कापड घेतलं. पिशवी हातात आल्यावर मला बरं वाटलं. असं बरं वाटल्याची आता लाज वाटते.

पंडरीहून बिलासपूर रस्त्याने बिरगाव. शेअर ऑटो मिळते, पण वाट बघायची तयारी ठेवा; मी सरळ पूर्ण ऑटो केली. शहर संपतं तशी झाडांची पानं काळी होत जातात. इथून पुढे सिलतऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना स्पंज आयर्नचे, म्हणजे कच्च्या लोखंडाचे, कारखाने आहेत. नाकाला रुमाल बांधा, पांढरा शर्ट घालू नका.

मेश्राम रस्त्यावर घ्यायला आले होते. वय अठ्ठावन्न, बुटके, केस अगदी बारीक कापलेले. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत आले आणि इथलेच झाले. त्यांनी “जय भीम” म्हटलं, मी “नमस्कार” म्हटलं. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शोकेसमध्ये मुलीच्या कबड्डीच्या ढाली. वनिताताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फरे केले होते: तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांब मुटके, वरून तिळाची फोडणी. लाल टोमॅटोच्या चटणीबरोबर मी सहा खाल्ले. साडी बघून त्या म्हणाल्या की भाऊ, याची काही गरज नव्हती.

जेवताना मेश्रामांनी त्यांचं काम समजावलं. भंगाराचा ढीग आला की ते प्रत्येक बंद नळकांडं, प्रत्येक गोळा दोन्ही हातांनी उचलून कानाशी तिरका करतात. मग सळईने हलकं ठोकतात. ठणकन वाजलं तर पोकळ. आवाज दबला किंवा आत काही सरकलं, तर ते म्हणतात की हे ‘बोलतं’. बोललं की त्यावर खडूने फुली आणि रेतीच्या खड्ड्यात. सव्वीस वर्षांत त्यांनी खड्ड्यात टाकलेला एकही तुकडा भट्टीत गेला नव्हता. तो गोळाही नऊ दिवस खड्ड्यात होता. मुन्शी, म्हणजे त्यांचा सुपरवायझर, रोज कुरकुर करायचा. शेवटी मेश्रामांनीच सांगितलं की एक मराठी साहेब आहेत, पुस्तकं वाचलेले, त्यांना विचारतो. माझं उत्तर त्यांनी फोनवरून मुन्शीला वाचून दाखवलं आणि स्वतःच्या हाताने फुली पुसली.

“काहून पुसली, मलेच समजत नाही,” ते म्हणाले. “कान म्हणत होता नको. पण तुमी लिहिलं होतं ना.”

त्यानंतर चौकशी झाली. मेश्रामांनी साहेबाचं उत्तर दाखवायला फोन उघडला, तर तिथे काहीच नव्हतं. उत्तर स्वतः ऐकलेलं असूनही मुन्शी सगळ्यांसमोर म्हणाला की याने स्वतः पास केलं आणि आता साहेब बनवून सांगतो. छटाईवरून काढून त्यांना गेटच्या रजिस्टरवर बसवलं. पगार तोच आहे. पण यार्डात त्यांना आता ‘साहेबवाला’ म्हणतात. त्यांची मुलगी आत अभ्यास करत होती, ती दारात येऊन म्हणाली, “पापा ने कितनों को फोन दिखाया अंकल, किसी ने नहीं माना। मैंने भी एक बार पूछ लिया था कि सच में था क्या।”

मेश्राम हसले. म्हणाले, “तुमच्या साइटले काही बिघाड झाला असन. कॉम्प्युटरचं काही सांगता येत नाही.”

तालीम केलेलं वाक्य तोंडाशी होतं. मी म्हणालो, “हो, तेव्हा थोडा प्रॉब्लेम होता.” आणि सातवा फरा घेतला.

रात्रभर ते वाक्य मला चावत राहिलं. एकदा पुसलं ते घाबरून, असं मी आठ महिने स्वतःला सांगत आलो होतो. आता त्यांच्याच ताटावर बसून मी दुसऱ्यांदा खोटं बोललो होतो, आणि या वेळी घाबरायलासुद्धा वेळ लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मला संतरामकडे घेऊन गेले. संतराम म्हणजे तो गॅस कटर चालवणारा. वय चाळिशीचं, गाव बलौदाबाजारकडचं, राहायला कारखान्यामागच्या वस्तीत. घराच्या दाराला जाड गोधडी टांगलेली होती, कारण त्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. आवाज घोगरा झाला आहे. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीचा रंग दोन-तीन प्रकारचा. तो खाटेवरून उठून बसला आणि मला बसायला एकुलती एक खुर्ची दिली.

त्याने विचारलं की ते काय होतं. आठ महिन्यांत त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी हिंदीत सांगितलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात खंदकांत बसलेल्या सैनिकांना बाहेर काढायला हे शोधलं. गोळा साध्या गोळ्यासारखाच ठेवला, म्हणजे त्याच तोफेतून उडवता येतो. फक्त आत स्फोटकाच्या जागी हे तेल, आणि ते शिंपडण्यापुरता लहानसा बार. म्हणून वरून ओळखता येत नाही, म्हणून रंगाच्या खुणा. लागताना कळत नाही, काही तासांनी डोळे आणि कातडी धरते. पुढे इतर देशांनीही बनवलं, वापरलं, मग सगळ्यांनी मिळून बंदी घातली. आपल्या देशानेही आपला साठा जाहीर करून नष्ट केला. पण जे वाळवंटात, समुद्रात, शेतात राहिलं ते राहिलं आणि कधी भंगारात येतं.

हे सगळं मी व्याख्यानांत शंभरदा सांगितलंय. ज्याच्या हातावर ते घडलंय त्याला सांगताना शब्द तेच होते, आणि मला माझा आवाज ऐकवत नव्हता.

संतरामने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “ये काकर लड़ई के रिहिस?” कोणाच्या लढाईतलं होतं हे? मी म्हणालो की माहीत नाही. त्याने मान हलवली.

तेवढ्यात त्याची बायको दुलारी पाणी घेऊन आली. पेला घेताना मी तिचे हात पाहिले. तळवे आणि बोटांच्या मधली कातडी तशीच, ठिगळ लावल्यासारखी. मी मेश्रामांकडे बघितलं. ते म्हणाले, “हिनं त्याचे कपडे धुतले न. डॉक्टरले वाटलं तेजाबानं भाजलं, कपड्याचं कोणी काही सांगतलंच नाही.”

कधी धुतले, मी विचारलं. दुलारी म्हणाली, दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर.

मेश्रामांची कॉमेंट त्या दिवशी सकाळी आली होती. मी नऊ चाळीसला वाचली होती. कपड्यांना हात लावू नका, एवढं लिहायला मला जेवणाच्या वेळेपर्यंतचा वेळ होता.

पिशवीत शर्टाचं कापड होतं. ते मी काढलं नाही. मी तिथेच, खुर्चीवर बसून, सगळं सांगितलं. साइट बिघडली नव्हती, मी वाचलं होतं, वाचताच मला कळलं होतं आणि मी पुसून टाकलं. हिंदीत सांगितलं, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. दुलारीने माझ्या हातातला पेला परत घेतला, आत गेली आणि आम्ही असेपर्यंत बाहेर आली नाही. संतराम गोधडीकडे बघत राहिला.

मेश्राम माझ्याकडे वळले. “मंग काल माझ्या घरी काहून नाही सांगतलं?”

मी म्हणालो, हिंमत झाली नाही.

“मी समजलो तुमी बिमार आहे,” ते म्हणाले. “वनितानं दोनदा म्हटलं, फोन करून पाहा त्या सराले.” मग उठले. “चला, यार्डात चला. हे मुन्शीसमोर बोला.”

कारखान्याच्या गेटवर मला पाहून मुन्शी उभा राहिला. खुर्ची आली, चहा आला. मेश्राम उभे होते. त्यांच्यासाठी खुर्ची मागवायचं मला सुचलं ते अर्धा चहा झाल्यावर. मी सांगितलं, सगळं, क्रमाने. मुन्शीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की सर, तुम्ही मोठे माणूस, जुनी गोष्ट आहे, उगाच तुमचं नाव येईल. मी म्हणालो, येऊ दे. तेव्हा त्याने कोरा कागद पुढे सरकवला.

“तो लिख के दे दीजिए।”

दिवसातून दहा वेळा मी लोकांना हेच वाक्य म्हणतो: लेखी द्या. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. म्हणालो की नाशिकला जाऊन व्यवस्थित, तारखांसकट लिहून पाठवतो. मुन्शीने मेश्रामांकडे बघून किंचित मान हलवली, जणू म्हणत होता, बघ, लेखी देणार नाही हे मला माहीतच होतं.

रस्त्यावर ट्रक जात होते. ऑटो मिळेपर्यंत मेश्राम माझ्याजवळ उभे राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, “लिहा, नका लिहू, तुमचं तुमी पाहा. पण आता गायब नका होऊ सर.”

परतीची गाडी संध्याकाळची होती. रायपूर स्टेशनवर बडे, म्हणजे डाळीचे वडे, चांगले मिळतात असं मी ऐकलं होतं, ते खाल्ले नाहीत, त्यामुळे त्याबद्दल सांगू शकत नाही.

घरी आल्यावर मी पाच दिवस लिहिलं नाही. बायकोने कापडाची पिशवी उघडून हे कोणाचं म्हणून विचारलं, तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने मला एकच प्रश्न विचारला: ब्लॉगवर आलेली प्रत्येक कॉमेंट तुझ्या मेलमध्येही येते ना? येते. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ब्लॉगवरून पुसलेलं सगळं माझ्या मेलबॉक्समध्ये आठ महिने जसंच्या तसं पडून होतं, आणि ते सापडू नये म्हणून मी शोधलंच नव्हतं.

दोन्ही कॉमेंट्स आणि माझं उत्तर, त्या हसऱ्या चेहऱ्यासकट, छापून काढलं. त्याबरोबर दोन पानी पत्र लिहिलं. सही केली आणि स्पीड पोस्टने तीन प्रती पाठवल्या: कारखान्याला, संतरामच्या डॉक्टरांना आणि मेश्रामांना. दुलारीला वेगळं चार ओळींचं पत्र पाठवलं, हिंदीत. त्याचं उत्तर आलेलं नाही आणि येईल असं मला वाटत नाही. बेल्जियमच्या पोस्टवरून तो रंगांचा तक्ता काढून टाकलाय. त्याच्या जागी एक सूचना आहे, ती इथेही देतो: असं काही सापडलं तर हात लावू नका, हलवू नका, ठोकू नका, फोटो काढायलाही जवळ जाऊ नका. लांब व्हा, पोलिसांना कळवा. इंटरनेटवरच्या कुठल्याही हौशी माणसाला विचारू नका. मलाही नाही.

काल मेश्रामांचा फोन आला. पत्र पोचलं. मुन्शीने ते सगळ्यांसमोर वाचलं नाही, पण सोमवारपासून त्यांना परत छटाईवर घेतलं. संतरामला डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात पाठवायचं ठरवलंय, उजव्या डोळ्याचं नक्की सांगता येत नाही. मी म्हणालो की कारखान्याला सांगून असल्या गोळ्यांसाठी माहितगार माणसं बोलवायला लावा, तुम्ही आता उचलून हलवू नका. ते म्हणाले की ते बोलणं सुरू आहे, पत्रात तुम्ही लिहिलंच आहे.

मग म्हणाले, “पहिल्याच दिवशी एक निघाला सर. पाहूनच फुली मारली. मुन्शी म्हणे, नाशिकच्या साहेबाले विचारून घे.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी म्हटलं, त्याइले काय विचारायचं. फुली माझी आहे.”

मी म्हणालो, बरोबर केलंत. पलीकडे भंगार उतरवल्याचा मोठा आवाज झाला, आणि काम आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला.